हिरवं सोडून वाच

संडे स्कूलच्या प्रश्नमंजूषेला परीक्षक म्हणून मला बोलावलं, कारण माझ्याकडे शिट्टी होती. बँकेच्या क्रीडास्पर्धेतली ती शिट्टी निवृत्त होताना जमा करायची राहून गेली होती. नाताळाच्या आधीचा रविवार होता आणि पालक खुर्च्यांवर दाटीवाटीनं बसले होते. मी चिठ्ठी उचलून विचारलं, "नोहानं तारवात प्रत्येक जातीचे किती प्राणी घेतले?" चिठ्ठीमागं उत्तर लिहिलेलं होतं, दोन. ते अक्षर माझंच.

सहावीतल्या एका मुलीनं हात वर केला. "अंकल, काहींचे दोन आणि काहींच्या सात सात जोड्या."

मी शिट्टी वाजवली. चूक.

पोरगी रडली नाही, चिडली नाही. पवित्र शास्त्र घेऊन ती माझ्या टेबलापाशी आली आणि उत्पत्तीच्या सातव्या अध्यायातल्या दुसऱ्या वचनावर बोट ठेवून उभी राहिली. तिथं शुद्ध पशूंच्या सात सात जोड्या होत्या. मी घाईघाईनं पान उलटून सहावा अध्याय काढला. तिथं दोन दोन. "दोन्ही कसं असेल?" मी हळू आवाजात पुटपुटलो, पण माइक चालू होता.

"तेच तर तुम्हाला विचारायचं होतं," ती म्हणाली.

एकतीस वर्षं बँकेत, त्यातली निम्मी क्लिअरिंगला. आकडा जुळला नाही तर घरी जायचं नाही, हा आमचा धर्म. आणि वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळलं की लहानपणापासून वाचतोय त्या ग्रंथाच्या पहिल्या दहा पानांतच एक ताळमेळ लागत नाही, आणि तो मला कधी दिसलाही नाही. त्याच आठवड्यात मी टपालानं शिकवल्या जाणाऱ्या एका अभ्यासक्रमाचा फॉर्म भरला. विषय होता बायबल वाचण्याच्या अलीकडच्या पद्धती. 'धर्मशास्त्रातील पूर्वानुभव' या रकान्यात मी 'क्लिअरिंग विभाग' असं लिहिलं. तरी प्रवेश मिळाला. यावरूनच संस्थेला विद्यार्थ्यांची किती निकड होती ते कळावं.

"या वयात टपालानं शिक्षण?" बायकोनं विचारलं.

मी तिला विल्यम कॅरी ऐकवला. मराठी बायबल मुळात दूरशिक्षणातूनच झालेलं आहे. हा माणूस इंग्लंडात जोडे शिवायचा. पुढे तो बंगालमध्ये श्रीरामपूरला बसला, कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात साहेबांना मराठी शिकवू लागला, वैद्यनाथ नावाच्या पंडिताला हाताशी धरून 1805 साली मराठी व्याकरण आणि मत्तयाचं शुभवर्तमान छापलं, आणि 1811 पर्यंत सगळा नवा करार उतरवला. महाराष्ट्राचं पाणी न चाखता. तो तिकडे बसून मराठी शिकला, मग मी कोल्हापुरात बसून हिब्रूवाल्यांचं ऐकायला काय हरकत आहे?

"त्याला जोडे तरी शिवता येत होते," बायको म्हणाली. चपलांच्या गावात या युक्तिवादाला उत्तर नाही.

पुस्तिकांचं पार्सल आलं. पहिल्याच धड्यात नोहा भेटला आणि मी खुर्चीतून उठलो. पोरगी बरोबर, मीही बरोबर! पंडितांचं म्हणणं असं की जलप्रलयाची गोष्ट म्हणजे दोन गोष्टींची वेणी आहे. एका गोष्टीत सात जोड्या आणि चाळीस दिवस पाऊस, दुसरीत दोन दोन प्राणी आणि दीडशे दिवस पाणी. कुणीतरी दोन्ही पदर एकात एक गुंफले आणि एकही टाकून दिला नाही. हे पहिल्यांदा नीट धरलं झाँ आस्त्रुक यानं, 1753 साली. हा फ्रान्सच्या राजाचा वैद्य. त्याचा गाजलेला ग्रंथ गुप्तरोगांवर, आणि हे पुस्तक मात्र त्यानं आपलं नाव न घालता छापलं. कुठल्या विषयावर नाव घालायचं आणि कुठल्या नाही, याची त्याला चांगली जाण होती. उत्पत्तीत कुठे नुसतं 'देव' आणि कुठे 'परमेश्वर' असं का येतं, हे पाहत त्यानं धागे वेगळे केले. मराठी बायबलातही ते दिसतं. पहिल्या अध्यायात देव निर्माण करतो, दुसऱ्यात परमेश्वर देव मातीतून माणूस घडवतो. पुढे 1878 साली वेलहाउजन या जर्मन पंडितानं चार धाग्यांचा हिशेबच मांडला. थोडक्यात, चार खात्यांचे व्यवहार एकाच पासबुकात छापलेले. हे मला इतकं पटलं की मी घरातल्या घरात टाळी वाजवली.

तिथंच थांबलो असतो तर हा लेख लिहावा लागला नसता.

पुस्तिकेत सुचवलं होतं की चार धाग्यांना चार रंग द्या. मी महाद्वार रोडवरून स्केचपेनचा डबा आणला. 'परमेश्वर' म्हणणाऱ्याला निळा, 'देव' म्हणणाऱ्याला लाल, अनुवादाच्या पुस्तकाला नारिंगी, आणि याजक मंडळींच्या लिखाणाला हिरवा. आता रंगवायचं कशावर? माझं स्वतःचं बायबल बारीक टायपाचं. हॉलमध्ये मात्र आजोबांचं मोठं, काळ्या पुठ्ठ्याचं, ठसठशीत अक्षरांचं पवित्र शास्त्र होतं. आई दुपारी बाराला झोपायला पडते. मी पावणेचारपर्यंत उत्पत्तीचे अकरा अध्याय संपवले.

या ग्रंथाचा कागद कांद्याच्या पापुद्र्यासारखा. सहाव्या अध्यायाची हिरवी शाई मागच्या पानावर उतरली आणि तिथल्या निळ्यात मिसळली. अडीच हजार वर्षांपूर्वी कुणा संपादकानं जे धागे एकत्र केले, ते मी दुपारभर बसून सोडवले आणि स्केचपेननं पुन्हा एकत्र केले. नंतर कळलं की बाल्टिमोरच्या पाउल हाउप्ट नावाच्या प्राध्यापकानं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी खरंच असं रंगीत बायबल छापायला घेतलं होतं. तेही पूर्ण झालं नाही. त्यांची आई काय म्हणाली याची नोंद नाही.

माझी आई ब्याऐंशी वर्षांची. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्सिंग शिकलेली, त्यामुळे आरडाओरडा करत नाही. तिनं चष्मा लावला, पान उजेडात धरलं, मागून पुढून पाहिलं.

"बाळू, काय केलंस रं हे?"

मी वेलहाउजन सांगू लागलो.

"त्यो कुठल्या शाळेत?"

"वारला तो, आई. जर्मनीचा."

"मग त्याच्या पुस्तकात रंगवायचं की." तिनं पुस्तक मिटलं. "सकाळी मी वाचायला बसलो की कशातनं वाचू आता?" (कोल्हापूरची बाई 'मी बसलो' म्हणते. पुण्याच्या वाचकांनी दुरुस्ती कळवू नये.)

त्या ग्रंथाच्या पहिल्या कोऱ्या पानावर आमच्या घराचे जन्म, लग्नं आणि मृत्यू लिहिलेले आहेत. सुदैवानं त्याला मी हात लावला नव्हता. पण आई महिनाभर माझ्याशी फक्त भाजी-आमटीपुरतं बोलली.

दुसरा पराक्रम देवळात. एका रविवारी पाळकसाहेब परगावी होते, तेव्हा उपासनेत दहा मिनिटं बोलायला मला सांगितलं. मी अनुवादाचा चौतिसावा अध्याय उघडला. त्यात मोशेच्या मृत्यूचं आणि दफनाचं वर्णन आहे. मी विचारलं, "बंधुभगिनींनो, स्वतःच्या मयताचं वर्णन माणूस स्वतः कसं लिहील?" हा प्रश्न कोड्यासारखा टाकला की लोक गालातल्या गालात हसतील, असा माझा हिशेब. कुणी हसलं नाही. पुढच्या बाकावर एक आजोबा होते, त्यांच्या पत्नीची मागच्याच आठवड्यात माती झालेली. ते उठून बाहेर गेले. मी घाबरून ज्ञानेश्वरीकडे वळलो. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती तपासून पाठ शुद्ध केला, म्हणून काय ज्ञानेश्वरी लहान झाली, वगैरे. मुद्दा बरा होता, पण पेटीवाल्यानं मधेच सूर धरला आणि मंडळी गायनाला उभी राहिली. पेटीवाला माझा मेव्हणा आहे. त्यानं जाणूनबुजून केलं, हे तो आजही कबूल करत नाही.

पुण्याच्या संपर्कवर्गाला मी सकाळच्या कोयना एक्सप्रेसनं गेलो तो मोठ्या तोऱ्यात. माझा स्त्रीवादी वाचनाचा निबंध सोबत होता. हागार, तामार, इफ्ताहाची मुलगी, आणि लेव्याची ती बिननावाची उपपत्नी या चौघींवर फिलिस ट्रिबल या अमेरिकन विदुषीनं 1984 साली लिहिलेल्या पुस्तकाचा मी सोळा पानी सारांश केला होता. शिकवायला एक मॅडम होत्या. त्यांनी पानं चाळली आणि विचारलं, "कोल्हापूरहून अमेरिकेला गेलात. वाटेत केडगाव लागलं नाही का?"

मी प्रामाणिकपणे सांगितलं की कोयना त्या मार्गानं जात नाही. वर्ग हसला. मला दोन मिनिटांनी कळलं.

पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत केलं, साध्या बायकांना कळावं अशा भाषेत. खिळे जुळवणाऱ्याही तिथल्याच मुली. 1922 च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या आणि ग्रंथ 1924 साली बाहेर आला. पुरुषांच्या समितीशिवाय एका बाईनं केलेलं बायबल दौंडच्या अलीकडे पडलंय, आणि मी इफ्ताहाच्या मुलीसाठी इंग्रजी शब्दकोश पालथा घालत होतो. मॅडमनी समासात लिहिलं: 'सारांश चांगला. आपण स्वतः कुठे बसून वाचता?'

मी खाली लिहिलं: 'हॉलमध्ये.' हे त्यांनी सगळ्यांना वाचून दाखवलं.

त्याच दिवशी त्यांनी अरविंद निर्मल यांच्याबद्दल सांगितलं. 1981 साली बंगळूरच्या एका व्याख्यानातून त्यांनी दलित धर्मशास्त्राची वाट सुरू केली. अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायात इस्राएली माणूस पहिलं पीक अर्पण करताना आधी सांगतो की माझा बाप भटका अरामी होता. निर्मल म्हणत, तसं आपणही आपला बाप कोण होता ते आधी सांगायला शिकावं. परतीच्या गाडीत मला आजोबांच्या बायबलाचं ते पहिलं पान आठवत राहिलं. सगळ्यात वरची नोंद आजोबांच्या बाप्तिस्म्याची. त्याच्या वर काही नाही. गावकुसाबाहेर जन्मलेल्या माणसाला त्याआधीचं लिहून ठेवायला कुणी पानच दिलेलं नव्हतं. कराडपर्यंत मी चहासुद्धा घेतला नाही.

शेवटचा स्वाध्याय सोपा वाटला. लूकच्या शुभवर्तमानातला उधळ्या पुत्राचा दाखला आपल्या परिसरातल्या लोकांना सांगा आणि त्यांना काय दिसतं ते लिहा. नमुना म्हणून मार्क अॅलन पॉवेल या अभ्यासकाचा प्रयोग दिला होता. त्यानं अमेरिकेत शंभर जणांना हा दाखला वाचून तोंडी पुन्हा सांगायला लावलं. त्या देशात दुष्काळ पडला, हे फक्त सहा जणांनी सांगितलं. मग रशियात सेंट पीटर्सबर्गला पन्नास जणांना विचारलं, तर बेचाळिसांनी दुष्काळ सांगितला. त्या शहरानं 1941 पासूनच्या वेढ्यात भुकेनं माणसं मरताना पाहिली होती. टांझानियातल्या लोकांनी तिसरंच धरलं, की परक्या मुलखातल्या पोराला कुणी काही खायला दिलं नाही. ज्याचं जिथं दुखतं, तिथं त्याचं बोट जातं.

मी वही घेऊन रंकाळ्यावर गेलो. सकाळच्या फेरीला आमच्या कट्ट्यावर पाचजण असतात. मी गोष्ट सुरू केली: एका माणसाला दोन मुलगे होते, धाकटा म्हणाला, माझ्या वाट्याची मालमत्ता द्या.

"थांबा," एकजण म्हणाला. "जमीन वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित?"

गोष्ट तिथंच अडकली. निवृत्त तलाठी म्हणाले, फेरफार झाल्याशिवाय धाकट्याला विकताच येणार नाही. वकीलसाहेब म्हणाले, कुटुंब ख्रिस्ती असेल तर 1925 चा भारतीय वारसा कायदा, त्यात बाप जिवंत असताना पोराला जन्मानं हक्क नाही, सबब मागणीच बेकायदा. मी सांगितलं, ते ख्रिस्ती नव्हते, यहुदी होते, आणि मोशेच्या नियमशास्त्रात थोरल्याला दुप्पट वाटा असल्यानं धाकट्याला एक तृतीयांश मिळतो. त्यावर तिसरा उसळला, "म्हणजे थोरल्यानं आधीच दोन हिस्से घेतले, आणि वर रुसून अंगणात उभा?" दोघांची जुंपली. पोर डुकरं राखायला जाण्याआधीच रंकाळ्यावर ऊन चढलं. बाप धावत जाऊन गळ्यात पडतो, ते सांगायची वेळच आली नाही. माझ्या वहीत फक्त एक ओळ होती: 'कोल्हापूर — सातबारा.'

गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर एका म्हातारबाबांनी शांतपणे सगळं ऐकलं. पोराला डुकरांच्या शेंगा खाव्याशा वाटल्या, हे आल्यावर ते म्हणाले, "भाजलेल्या का ओल्या?" मी हसणार होतो, पण हसू आलं नाही, कारण लहानपणापासून माझ्याही डोळ्यांपुढं भुईमूगच होता. आमच्याकडे शेंगा म्हणजे दुसरं काही नसतंच. संडे स्कूलमध्ये मला नेहमी वाटायचं, पोरगं घर सोडून दूर देशी गेलं आणि शेंगा खात बसलं, तर यात रडण्यासारखं काय आहे? पुस्तिकेत खुलासा मिळाला. त्या कॅरोब झाडाच्या शेंगा, जनावरांचा चारा. त्यांच्या बियांनी तिकडे सोनं तोलत, आणि ग्रीकमधलं त्या शेंगेचं नाव फिरत फिरत गुजरीतल्या सराफाच्या तोंडी 'कॅरेट' होऊन बसलं. पन्नास वर्षांचा गैरसमज असा फिटला. पण भुईमूग काही डोळ्यांपुढून गेला नाही.

बायकोच्या प्रार्थनामंडळात मी पुष्ट वासरू आणि मेजवानीपर्यंत पोहोचलो. तिथं विचारणा झाली, स्वयंपाक कुणी केला? एवढा गाव जेवला तो कुणाच्या जिवावर? आणि पोरगं परत आलं तेव्हा त्याची आई कुठं होती? लूकनं आईचं नावच घेतलेलं नाही. ट्रिबलवर सोळा पानं लिहिताना हे मला सुचलं नव्हतं.

शेवटी दादाकडे गेलो. आमचं गाव वारणाकाठी. वडिलांनी पै-पै जोडून अडीच एकर घेतली होती. माझ्या वाट्याची सव्वा एकर मी फ्लॅटच्या पहिल्या हप्त्यासाठी विकली. घेणारा दादाच. कर्ज काढून. हे मला रंकाळ्यावर आठवलं नव्हतं. बांधावर उतरल्यावर आठवलं.

दादा खोडव्याला पाणी देत होता. आधी मी नोहा काढला, विषय हलका व्हावा म्हणून. दादा म्हणाला, "त्यानं जनावरं घेतली आत. बरं झालं." मग पाट मोडत म्हणाला, "आमी 2019 च्या पुरात म्हशींची दावी कापली. बोटीत माणसंच मावंनात."

मग दाखला सांगितला. त्यानं फावडं न थांबवता ऐकला. मालमत्तेचं विचारलं नाही, शेंगांचं विचारलं नाही. शेवट झाला, बाप थोरल्याची समजूत घालतो, आणि मी वही उघडून बसलो.

"मग थोरला जेवायला आत गेला का न्हाई?"

मी पुन्हा वचन पाहिलं. लूकनं ते लिहिलेलं नाही. गोष्ट अंगणातच थांबते.

"लिवलेलं न्हाई, दादा."

"हं." त्यानं पाणी दुसऱ्या सरीत वळवलं. "वैनीला सांग, चहा ठेव म्हणावं. तू बस."

ही भेट मी स्वाध्यायात लिहिली नाही. रंकाळा लिहिला, दूधकट्टा लिहिला, प्रार्थनामंडळ लिहिलं. मॅडमचा शेरा आला: 'चांगले. थोरल्या भावाच्या बाजूने कोणी बोलले नाही काय?' बावन्न टक्के मिळाले.

निकालाचं पाकीट घेऊन मी हॉलमध्ये आलो तेव्हा आई आजोबांचं पवित्र शास्त्र मांडीवर घेऊन बसली होती. माझे रंग तसेच होते, सहाव्या अध्यायातलं ते हिरवं-निळं पाणीही. मी गुपचूप बाजूला बसलो. तिनं पान माझ्याकडे केलं.

"हे बघ. वॉर्डात दिवसाच्या ड्युटीला निळी शाई, रात्रीच्या ड्युटीला लाल. पेशंट एकच. रात्रपाळीच्या पोरीनं वेगळं बघितलेलं, सकाळच्या पोरीनं वेगळं. सकाळी मोठ्या सिस्टर दोन्ही बघून रिपोर्ट लिहायच्या. दोन्ही लिहायच्या. खोडायचं न्हाई काही."

मी बावन्न टक्क्यांचं पाकीट घडी करून खिशात घातलं.

"आणि तुझं ते हिरवं," ती पानं उलटत म्हणाली, "ते सगळं मापंच हायत. तारू इतकं हात लांब, इतकं हात रुंद, ह्याला ह्यो झाला, त्याला त्यो झाला. मी ते आता सोडून वाचतो. लवकर होतंय. पुढं निर्गमाला रंगव की, तिथं मंडपाचे पडदे आणि खांब लई हायत." तिनं चष्मा पुसला. "पर पेन बारका आण. मागं उतरतोय."